सॅस्कटूनला न मिळालेला संघ

१८ मे १९८३ रोजी उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) संघमालकांनी मतदान करून एक सौदा फेटाळला. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला सेंट लुईस ब्लूज हा संघ विकायला निघाला होता आणि नवे मालक तो उचलून कॅनडातल्या सॅस्कटून शहरात नेणार होते. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता आणि सॅस्कटूनचे लोक तर महिनोन्महिने स्वागताच्या तयारीत होते. तरी निकाल लागला १५ विरुद्ध ३. पुढचे दहा आठवडे या संघाला ना धड गाव होते, ना धड मालक.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. ही हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स, हातात स्टिक आणि चेंडूच्या जागी पक नावाची कडक रबराची चकती. कॅनडाच्या मध्यभागी जो सपाट गवताळ मुलूख पसरला आहे, ज्याला प्रेअरी म्हणतात, तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो आणि तळी, डबकी, शाळांची अंगणे सगळे गोठून जाते. मुले चालायला लागली की थोड्याच दिवसांत स्केट्सवर उभी राहतात. सॅस्कॅचेवान हा या प्रेअरीतला प्रांत. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण १९८१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दहा लाखसुद्धा भरली नव्हती. गहू, पोटॅश आणि हॉकीपटू ही तिथली निर्यात. लोकसंख्येच्या मानाने आमच्याइतके व्यावसायिक खेळाडू कुणी दिले नाहीत, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. खुद्द गॉर्डी हाव, ज्याला कित्येक जण या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू मानतात, सॅस्कटूनजवळच्या फ्लोरल या वस्तीत १९२८ मध्ये जन्मला आणि सॅस्कटूनमध्ये वाढला. नाव मात्र त्याने काढले ते डेट्रॉइटचे.

ही रीत जुनी होती. १९२० च्या दशकात सॅस्कटूनचा स्वतःचा अव्वल दर्जाचा संघ होता. वेस्टर्न कॅनडा हॉकी लीग ही स्पर्धा तेव्हा एनएचएलच्या तोडीची होती. तिचा विजेता स्टॅन्ली कप या बर्फावरच्या हॉकीतल्या सर्वोच्च चषकासाठी पूर्वेकडच्या विजेत्याशी खेळत असे आणि १९२५ मध्ये व्हिक्टोरियाच्या संघाने तो कप जिंकूनही दाखवला. पण एनएचएलने तोवर अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत पाय रोवायला सुरुवात केली होती, पगार वाढत होते आणि पश्चिमेच्या छोट्या गावांतल्या गल्ल्यावर ते भागेनात. १९२६ मध्ये ही लीग मोडली आणि तिचे खेळाडू एनएचएलच्या संघांनी विकत घेतले. सॅस्कटूनकडून खेळणारा बिल कुक न्यूयॉर्कला गेला, रेंजर्सचा पहिला कर्णधार झाला आणि १९३३ मध्ये त्याच्याच गोलवर रेंजर्सने स्टॅन्ली कप घेतला. १९८३ च्या मतदानाआधी सत्तावन्न वर्षे हे गाव एकदा असे रिकामे झाले होते. ब्लूजना सॅस्कटूनला आणू पाहणाऱ्या बिल हंटर यांची धडपड समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

आता सेंट लुईसकडे वळू. तिथेही हॉकीचा अनुभव फारसा गोड नव्हता. १९३४ मध्ये ओटावाचा डबघाईला आलेला संघ सेंट लुईसला आणला गेला, ईगल्स या नावाने एक मोसम खेळला आणि बंद पडला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ एनएचएल त्या शहराकडे फिरकली नाही. १९६७ मध्ये लीग सहा संघांवरून बारावर गेली तेव्हा सेंट लुईसची निवड झाली, पण ती शहराच्या हॉकीप्रेमापोटी नव्हे. शिकागो ब्लॅकहॉक्सच्या मालक कुटुंबाकडे सेंट लुईसचे जुने अरीना पडून होते. १९२९ मध्ये दुग्धव्यवसायाच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेली ती प्रचंड घुमटाकार वास्तू होती आणि त्यांना ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. सिड सॅलोमन या विमा व्यावसायिकाने आणि त्याच्या मुलाने संघाबरोबर हे अरीनाही घेतले, त्यावर पैसा ओतला, खेळाडूंना मोटारी भेट दिल्या, कुटुंबांसह फ्लोरिडाला सुट्टीवर पाठवले. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या प्रसिद्ध गाण्यावरून संघाचे नाव पडले ब्लूज.

पहिली तीन वर्षे ब्लूज ओळीने अंतिम फेरीत गेले. नव्या सहा संघांचा गट वेगळा ठेवलेला असल्याने हे शक्य झाले, आणि तिन्ही वेळा जुन्या संघांनी त्यांना चार-शून्य असे धुऊन काढले. पण शहराला हॉकीचे वेड लागले ते लागलेच. सॅलोमन यांचा हात मात्र कमाईपेक्षा सैल होता. दहा वर्षांत पैसा संपला, आणि १९७७ मध्ये राल्स्टन प्युरिना या सेंट लुईसच्याच बड्या कंपनीने संघ घेतला.

राल्स्टन प्युरिनाचा धंदा जनावरांच्या खाद्याचा. लाल-पांढऱ्या चौकटींचा पट हे तिचे बोधचिन्ह. अरीनाचे नाव बदलून चेकरडोम झाले. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष हॅल डीन यांच्या दृष्टीने हा नफ्याचा व्यवहार नव्हताच. शहराचा संघ शहरात राहावा, म्हणून शहरातल्या मोठ्या कंपनीने उचललेला तो भार होता. संघाचा कारभार एमिल फ्रान्सिस यांच्याकडे होता आणि त्यांनी तो नेटाने चालवला. १९७६ च्या एकाच निवडप्रक्रियेत त्यांनी बर्नी फेडर्को, ब्रायन सटर आणि गोलरक्षक माइक लिउट हे तिघे उचलले होते. १९८०-८१ मध्ये ब्लूजनी ८० सामन्यांत १०७ गुण मिळवले. तरीही कंपनीला दर वर्षी सुमारे १८ लाख डॉलरचा खड्डा पडत होता.

डीन निवृत्त झाले आणि विल्यम स्टिरिट्झ यांच्या हाती सूत्रे आली. मूळ धंद्यात न बसणारे सगळे विकून मोकळे व्हायचे, हे त्यांचे धोरण. त्या यादीत हॉकी संघ वरच असणार हे उघड होते. एका अध्यक्षाने जे कर्तव्य म्हणून स्वीकारले होते, ते दुसऱ्याच्या ताळेबंदात निव्वळ तोट्याची बाब ठरले. आयपीएलमुळे फ्रँचायझी हा शब्द आता आपल्याकडेही घराघरांत पोचला आहे. संघ गावाचा म्हणून ओळखला जातो, पण कागदोपत्री तो कुणाची तरी मालमत्ता असतो, हे आपल्यालाही माहीत आहे. सेंट लुईसच्या लोकांना ते जानेवारी १९८३ मध्ये कळले. राल्स्टन प्युरिनाने जाहीर केले की संघ एडमंटनच्या कोलिझियम होल्डिंग्ज या गटाला विकला आहे आणि तो सॅस्कटूनला जाणार आहे.

त्या गटाच्या पुढे होते बिल हंटर, ज्यांना सगळा कॅनडा ‘वाइल्ड बिल’ म्हणून ओळखत असे.

हंटर यांचा जन्म १९२० मधला, सॅस्कटूनमधलाच. आयुष्यभर त्यांनी एकच काम केले: प्रेअरीतल्या गावांत हॉकीचे संघ उभे करणे, चालवणे, त्यांच्यासाठी भांडणे. एडमंटन ऑइल किंग्ज या त्यांच्या कुमार संघाने १९६६ मध्ये देशाचा मेमोरियल कप जिंकला. त्याच वर्षी पश्चिमेकडच्या कुमार संघांची स्वतंत्र लीग उभी राहिली, तीही मुख्यतः त्यांच्या हट्टामुळे. त्यानंतर त्यांनी आणखी मोठे धाडस केले. एनएचएलच्या मक्तेदारीला आव्हान देणारी वर्ल्ड हॉकी असोसिएशन १९७२ मध्ये मैदानात उतरली, तिच्या संस्थापकांत हंटर होते, आणि त्यांनी काढलेला संघ पुढे एडमंटन ऑइलर्स म्हणून जगप्रसिद्ध झाला. या नव्या लीगने विनिपेगसाठी बॉबी हल या एनएचएलच्या सर्वांत मोठ्या ताऱ्याला दहा लाख डॉलर हातात ठेवून पळवले. खेळाडूंचे पगार सगळीकडे भडकले. १९७९ मध्ये ही लीग बंद झाली आणि तिचे एडमंटन, विनिपेग, क्युबेक व हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलने सामावून घेतले. तोवर हंटर ऑइलर्समधून बाहेर पडले होते. आपण जन्माला घातलेला संघ वेन ग्रेट्स्कीच्या जोरावर शिखराकडे निघाला आहे आणि आपण मात्र बाहेर, अशी त्यांची स्थिती होती.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते आपल्या जन्मगावासाठी संघ मागायला उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा होता, शब्द फुलवण्याची हौस होती आणि समोरच्याला पटवल्याशिवाय ते हलत नसत. सॅस्कटूनला तेव्हा सगळे मिळून दीड लाखाच्या आसपास लोक राहत. गावातले जुने अरीना १९३७ मधले, दक्षिण सॅस्कॅचेवान नदीच्या काठी, जेमतेम तीन-साडेतीन हजारांना पुरेल एवढे. ब्लूजचा सर्वोत्तम खेळाडू फेडर्को हा याच प्रांतातल्या फोम लेक या छोट्या गावचा, आणि सॅस्कटून ब्लेड्स या कुमार संघाकडून याच जुन्या अरीनात खेळून मोठा झालेला. १९७५-७६ च्या एका मोसमात त्याने ब्लेड्ससाठी १८७ गुण जमवले होते. संघ इथे आला असता तर त्याला घराच्या वाटेवर परत येता आले असते. हंटर यांनी १८,००० आसनांचे नवे अरीना बांधू असे जाहीर केले आणि मोसमभराच्या तिकिटांसाठी नावनोंदणी सुरू केली. लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या नाहीत. अरीनाचा पाया खणलेला नसताना, संघ मिळेल याची खात्री नसताना, हजारो लोकांनी नावे दिली.

आता जरा हिशेब करून पाहू, कारण सगळे इथेच अडले. एनएचएलचा संघ तेव्हा मोसमात ८० सामने खेळे, त्यातले ४० घरच्या बर्फावर. १८,००० आसने गुणिले ४० म्हणजे ७ लाख २० हजार तिकिटे. अख्ख्या प्रांताची लोकसंख्या, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, दहा लाखांच्या आत. हंटर यांच्या बाजूने सांगण्यासारखे एक मोठे उदाहरण होते. प्रांताच्या राजधानीत, रेजायना इथे, रफरायडर्स हा कॅनेडियन फुटबॉलचा संघ आहे, आणि त्याच्यावर सगळ्या प्रांताचा जीव. शेतकरी तीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाकत सामन्याला येतात. पण रफरायडर्सचे घरचे सामने तेव्हा मोसमात आठच असत, उन्हाळ्यात आणि शरदात. हॉकीचे चाळीस, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, त्यांतले कित्येक कामाच्या दिवशी रात्री. रेजायनाहून सॅस्कटून अडीचशे किलोमीटरच्या वर. बुधवारी रात्री बर्फवृष्टीत, उणे तीसमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असताना, लोक तेवढ्याच उत्साहाने येतील का? पहिली दोन वर्षे नक्की आली असती असे मला वाटते. संघ हरू लागल्यावर पाचव्या वर्षीही येतील, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

अमेरिकेत ग्रीन बे नावाचे गाव आहे, लोकसंख्या तेव्हा लाखाच्याही आत, आणि त्याचा पॅकर्स हा संघ अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये दिमाखात खेळतो. मग सॅस्कटूनने काय पाप केले? फरक पैशाच्या वाटपात आहे. त्या लीगला टेलिव्हिजनकडून मिळणारा पैसा सगळ्या संघांत समान वाटला जातो, त्यामुळे ग्रीन बेला न्यूयॉर्कइतकाच वाटा मिळतो. एनएचएल तेव्हा तिकीट खिडकीवर जगत होती. आपल्या अरीनात जमलेला गल्ला ज्याचा त्याचा. अमेरिकेत टेलिव्हिजनचा मोठा करार नव्हताच. म्हणून प्रत्येक संघाला आपल्याच शहराच्या खिशावर उभे राहावे लागे, आणि सॅस्कटूनचा खिसा लहान होता.

मालकांच्या मनात आणखीही काही होते. दोनच वर्षांच्या अंतराने त्यांनी दोन अमेरिकन शहरे गमावली होती: १९८० मध्ये अटलांटाचा संघ कॅल्गरीला गेला, १९८२ मध्ये डेन्व्हरचा न्यू जर्सीला. अमेरिकन टेलिव्हिजनने आपल्याला गंभीरपणे घ्यावे अशी ज्या लीगची इच्छा, तिने मिसिसिपीकाठचे वीस लाखांहून अधिक वस्तीचे महानगर सोडून प्रेअरीतल्या दीड लाखांच्या गावी जावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. शिकागो आणि सेंट लुईस यांचे हाडवैर तिकिटे खपवत होते, ते मोडले असते. आणि संघ मागणारा माणूस कोण, तर दहा वर्षांपूर्वी समोर दुसरी लीग उभी करून ज्याने सगळ्यांचे पगारपत्रक फुगवले तोच. ही शेवटची गोष्ट कुणी बैठकीत बोलून दाखवली असेल असे नाही, पण ती कुणी विसरलेही नसणार.

नकार देणे धोक्याचेही होते. वर्षभरापूर्वीच, मे १९८२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ज्युरीने फुटबॉल लीगच्या विरुद्ध निर्णय दिला होता. ओकलंड रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांना संघ हलवण्यापासून अडवणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरला होता. म्हणजे एनएचएलचे अध्यक्ष जॉन झीग्लर आणि मालक यांना पुरते ठाऊक होते की ‘नाही’ म्हटले की कोर्टाची पायरी चढावी लागणार. त्यांच्या गाठीशी एक जुना अनुकूल निकाल होता: सॅन फ्रान्सिस्को भागातला सील्स संघ व्हँकुव्हरला नेण्यास लीगने नकार दिला होता आणि १९७४ मध्ये न्यायालयाने लीगची बाजू उचलून धरली होती. त्या भरवशावर त्यांनी मतदान केले.

केवळ हिशेबाने पाहिले तर तो निर्णय चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही. पण त्या निर्णयामागचा विचार मला आजही खटकतो. ज्या मुलखाने साठ वर्षे या लीगला खेळाडू पुरवले, त्याच्याकडे या मंडळींनी गव्हाच्या कोठारासारखे पाहिले. माल तिथून उचलायचा, पण दुकान तिथे थाटायचे नाही. आणि सेंट लुईसचा संघ सेंट लुईसमध्ये राहिला, तोही तिथल्या प्रेक्षकांचा विचार करून नव्हे. प्रेक्षकांना कुणी विचारलेच नाही, ना इकडच्या ना तिकडच्या. कॅनडाच्या त्या गावाला संघ नको इतकेच ठरले. सेंट लुईसच्या संघाचे पुढे काय, याचे उत्तर त्या १५ मतांत नव्हते.

त्याचा परिणाम लगेच दिसला. सहा दिवसांनी, २४ मे रोजी, राल्स्टन प्युरिनाने लीगविरुद्ध ६ कोटी डॉलरचा दावा ठोकला. ३ जूनला कंपनीने हात झटकले: संघ चालवण्यात आम्हाला रस नाही, लीगने तो ताब्यात घ्यावा. नोकरवर्गाला घरी पाठवले गेले, चेकरडोमला कुलूप लागले. फ्रान्सिस आधीच, मे महिन्यात, हार्टफर्डला निघून गेले होते. (तेही सॅस्कॅचेवानचेच, नॉर्थ बॅटलफोर्डचे.) लीगने उलट दावा लावला. खेळाडूंचे करार होते, पण ते पाळणारा कोण, हे सांगायला कुणी नव्हते.

आणि मग आला ८ जून. माँट्रियलच्या फोरममध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा वार्षिक कार्यक्रम होता. अठरा-एकोणीस वर्षांची मुले आईवडिलांसह येऊन बसलेली असतात, एकेका संघाची माणसे आळीपाळीने नाव पुकारतात आणि त्या नावाचा मुलगा उठून जातो. त्या दिवशी वीस संघांनी बारा फेऱ्यांत मुले निवडली. सेंट लुईसतर्फे कुणी आलेच नाही. राल्स्टन प्युरिनाने माणूस पाठवला नाही, आणि संघाच्या वाट्याच्या निवडी तशाच बुडाल्या. एखाद्या संघाने निवडीच्या दिवसाकडे पूर्ण पाठ फिरवण्याचा हा एनएचएलमधला एकमेव प्रसंग.

ते साल साधे नव्हते. त्याच दिवशी डेट्रॉइटने स्टीव्ह आयझरमनला घेतले, बफेलोने गोलरक्षक टॉम बरासोला, व्हँकुव्हरने कॅम नीलीला. ब्लूजची पहिल्या फेरीतली निवड तशीही त्यांच्याकडे नव्हती. रॉब रॅमेज या बचावपटूच्या बदल्यात ती वर्षभरापूर्वीच न्यू जर्सीला दिली होती, आणि न्यू जर्सीने तीवर जॉन मॅक्लीनला उचलले. पण खालच्या फेऱ्यांना कमी लेखू नये. आदल्याच वर्षी ब्लूजने १३४ व्या क्रमांकावर डग गिल्मर हा किडकिडीत मुलगा घेतला होता, आणि तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. ८ जूनला शिकागोने १९९ व्या क्रमांकावर चेकोस्लोव्हाकियाचा एक गोलरक्षक निवडला, डॉमिनिक हाशेक. सेंट लुईसच्या हातून त्या दिवशी नेमके काय निसटले ते मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणूनच ते चाहत्यांच्या मनात सलत राहिले.

१३ जूनला लीगने संघ रीतसर आपल्या ताब्यात घेतला आणि गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कुणी मिळाले नाही तर संघ बरखास्त करायचा आणि खेळाडू इतर संघांत वाटून टाकायचे, असे ठरले. सेंट लुईसकरांनी पुढचे सहा आठवडे कसे काढले असतील याची कल्पना करावी. सॅस्कटूनला गेला असता तर निदान संघ जिवंत तरी राहिला असता, आता तोही भरवसा उरला नव्हता.

२७ जुलैला हॅरी ऑर्नेस्ट पुढे आले. मूळचे एडमंटनचे, एकेकाळी हॉकीचे पंच, आणि आता लॉस एंजेलिसच्या बाजूला स्थायिक झालेले व्यावसायिक. त्यांनी संघ घेतला, तो सेंट लुईसमध्येच ठेवला आणि चेकरडोमचे नाव पुन्हा अरीना केले. ऑर्नेस्ट पैशाला घट्ट होते. सॅलोमन यांच्या मोटारी आणि फ्लोरिडाच्या सहली आता स्वप्नात. पण संघ वाचवण्यासाठी त्या घडीला तसाच माणूस हवा होता. माँट्रियलमध्ये मुरलेले रॉन कॅरन व्यवस्थापक म्हणून आले, जॅक डेमर्स प्रशिक्षक झाले, गिल्मरशी करार झाला. कोर्टातले भांडण पुढे आपसांत मिटले.

तीन वर्षांनी, १२ मे १९८६ च्या सोमवारी, या संघाने आपल्या शहराला एक रात्र दिली जी तिथे अजून ‘मंडे नाइट मिरॅकल’ या नावाने सांगितली जाते. उपांत्य फेरीतला सहावा सामना, हरले की संपले. शेवटची बाराएक मिनिटे उरली असताना ब्लूज २-५ असे मागे. लोक उठून गाड्यांकडे निघाले होते. ब्रायन सटरने अंतर कमी केले, मग ग्रेग पास्लॉस्कीने. साधारण एक मिनिट उरले असताना पास्लॉस्कीने प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ पक हिसकावून बरोबरी साधली. जादा वेळेत डग विकनहायझरने गोल केला, ६-५. समोरचा संघ होता कॅल्गरी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी अटलांटाहून यशस्वीपणे हललेला संघ. आणि गोल करणाऱ्यांपैकी पास्लॉस्की किंडर्स्लीचा, विकनहायझर रेजायनाचा, दोघेही सॅस्कॅचेवानचे. सातवा सामना ब्लूज २-१ ने हरले, पण त्या सोमवारनंतर या शहराने हॉकीला कधी परके मानले नाही.

प्रेअरीतून खेळाडू जाणे तर आजतागायत चालू आहे. २०१९ मध्ये, जन्मापासून बावन्न वर्षांनी, ब्लूजनी बोस्टनमध्ये सातवा सामना जिंकून पहिला स्टॅन्ली कप मिळवला. त्या संघात ब्रेडन शेन होता, तो सॅस्कटूनचा. जेडन श्वार्ट्झ आणि टायलर बोझॅक हेही सॅस्कॅचेवानचे. शेनने तर त्या निर्णायक सामन्यात गोलही केला.

सॅस्कटूनला नवे अरीना शेवटी मिळाले, १९८८ मध्ये, शहराच्या उत्तरेला. नाव सॅस्कॅचेवान प्लेस. पण १८,००० नव्हे, आठ हजारांच्या आत आसने, कुमार संघाला पुरतील एवढी. नंतर ती वाढवली, आणि ४ जानेवारी १९९१ रोजी जागतिक कुमार स्पर्धेत कॅनडाने इथेच सोव्हिएत संघाला ३-२ असे हरवले तेव्हा अख्खा देश सॅस्कटूनकडे पाहत होता. नदीकाठचे जुने अरीना १९८९ मध्ये पाडले. हंटर डिसेंबर २००२ मध्ये गेले. आपल्या गावात एनएचएलचा संघ खेळताना पाहण्याची त्यांची इच्छा राहून गेली.

समजा त्या दिवशी मते उलटी पडली असती तर? मला वाटते, सॅस्कटूनने दहा-बारा वर्षे तो संघ जिवापाड सांभाळला असता आणि नंतर तो गेला असता. १९९० च्या दशकात कॅनडाचा डॉलर घसरला, खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये वाढत गेले आणि सॅस्कटूनहून कितीतरी मोठी शहरेही टिकली नाहीत. १९९५ मध्ये क्युबेकचा संघ डेन्व्हरला गेला, १९९६ मध्ये विनिपेगचा फिनिक्सला. विनिपेगमध्ये शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे गोळा केले, तरी संघ थांबला नाही.

त्याच विनिपेगला २०११ मध्ये संघ परत मिळाला, तोही पुन्हा अटलांटाचा. मोसमभराची १३,००० तिकिटे विकून दाखवा, अशी अट होती. सर्वसामान्यांसाठी विक्री खुली झाली आणि उरलेली तिकिटे १७ मिनिटांत संपली. तोवर लीगने पगारांवर कमाल मर्यादा घातली होती आणि श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला काही वाटा गरीब संघांना मिळू लागला होता. अरीनाही पंधरा हजारांच्या आसपासचे, शहराच्या मापाचे बांधलेले होते. १९८३ मध्ये हंटर यांच्या हाती यातले काहीही नव्हते. त्यांच्याकडे १८,००० आसनांचा आराखडा होता, नावनोंदणीचे कागद होते आणि गॉर्डी हावचे गाव होते.